मोरचुदाचा हिशेब : मेदोकच्या द्राक्षमळ्यांपासून आपल्या शिवारापर्यंत

आज सुरुवात एका विळ्यापासून करतो.

आमची घरची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात. मी नोकरीसाठी पुण्याला आलो, बाग धाकट्या भावानं सांभाळली. ऑक्टोबर छाटणीनंतर दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो की एक दृश्य ठरलेलं असायचं. रात्री प्लास्टिकच्या एका पिंपात मोरचूद भिजत घातलेलं, दुसऱ्या पिंपात चुना विरवलेला. सकाळी दोन्ही पाणी एकत्र केलं की आभाळासारखा निळा रंग यायचा. मग भाऊ विळा घ्यायचा आणि त्या निळ्या पाण्यात थोडा वेळ धरायचा. पातं होतं तसंच राहिलं तर फवारायला हरकत नाही. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, अजून ओता. कारण चुन्यानं न बांधलेलं मोकळं तांबं शिल्लक राहिलं तर कोवळी पानंच भाजतात. शाळेच्या पुस्तकात हा प्रयोग विस्थापन अभिक्रिया म्हणून येतो, लोखंड विरघळतं आणि तांबं त्याच्या जागी येऊन बसतं. भावाला ते नाव ठाऊक नव्हतं. त्याचा विळा मात्र कधी चुकला नाही.

ती बाग आता पुतण्यानं काढून टाकली. अवकाळी पाऊस, मजुरी, औषधांचा खर्च, दर. कारणं तुम्हाला माहीत आहेत, त्यात जात नाही. मोकळ्या झालेल्या रानात भाजीपाला करायचं त्याच्या मनात आहे. त्यानं फोन करून विचारलं, ‘तात्या, पस्तीस वर्षं आपण या रानात तांबं ओतलं. ते गेलं कुठं?’ मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. ‘गेलं कुठं’ हा प्रश्न आमच्या विषयात फार जुना आहे, पण तो इतक्या सरळपणे मला कुणी विचारला नव्हता. आजचं व्याख्यान म्हणजे त्याला उत्तर द्यायला बसलो तेव्हा झालेलं वाचन आहे.

गोष्ट फ्रान्सची आहे, आणि ती तिथूनच सांगितली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या द्राक्षवेलींना आपण आज ज्यांना मुख्य रोग म्हणतो ते माहीत नव्हते. १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये एका काचघरात भुरी दिसली. ती फ्रान्सभर पसरली, पण तिच्यावर गंधक चाललं आणि पाच-सात वर्षांत शेतकरी सावरले. त्यानंतर १८६० च्या दशकात वेली मुळापासून वाळायला लागल्या. १८६८ मध्ये प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळं उकरून पाहिली तेव्हा त्यांवर बारीक पिवळे कीटक सापडले. हाच तो फायलोक्सेरा. तो अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर आला होता. उपायही अमेरिकेतूनच आला: तिथल्या रानटी वेलींची मुळं या किडीला दाद देत नाहीत, तेव्हा अमेरिकन खुंटावर फ्रेंच डोळा बांधायचा. लाखो रोपं जहाजानं आली. आपल्याकडे आज जो डॉगरिज खुंट सर्रास वापरतात तो त्याच अमेरिकन घराण्यातला, टेक्सासचा. आपण तो किडीसाठी नव्हे तर पाण्याच्या ताणासाठी आणि खारवट जमिनीसाठी आणला, हा फरक.

त्या औषधाबरोबर आणखी एक पाहुणा आला. १८७८ मध्ये फ्रान्समध्ये प्रथम केवडा दिसला. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग, खाली पांढरी बुरशी, आणि पंधरवड्यात वेल उघडी. पानं गेली की घडात साखर भरत नाही. एका संकटाचा इलाज करताना दुसरं संकट घरात घेतलं गेलं. ही साखळी लक्षात ठेवा, कारण पुढची कडीही तशीच आहे.

आता ऑक्टोबर १८८२. बोर्दोच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले अलेक्सी मियार्दे मेदोक भागातल्या सँ ज्युलियाँ गावातून चालले होते. सगळे मळे केवड्यानं झडलेले, पण रस्त्याकडेच्या ओळींवर पानं शाबूत. जवळ जाऊन पाहिलं तर पानांवर निळसर पूड. त्यांनी द्युक्रू-बोकायू मळ्याच्या कारभाऱ्याला, एर्नेस्त दाव्हिदला, विचारलं. उत्तर असं मिळालं की रस्त्यानं जाणारे लोक घड तोडून खातात, म्हणून या भागात कडेच्या वेलींवर जंगाल नाहीतर मोरचूद आणि चुना शिंपडायची रीत आहे. निळं दिसलं की विष समजून कोणी हात लावत नाही.

थोडक्यात, जगातलं पहिलं मोठं बुरशीनाशक चोरांसाठी होतं.

हा किस्सा सगळे सांगतात. त्यातली मला महत्त्वाची वाटते ती पुढची अडीच-तीन वर्षं. मियार्देंनी घरी येऊन लगेच शोध जाहीर केला नाही. त्यांनी तांब्याची, लोखंडाची, चुन्याची वेगवेगळी मिश्रणं करून पाहिली, रसायनशास्त्रज्ञ गेयोंना बरोबर घेतलं, दाव्हिदकडून मळ्यात प्रयोग करवले आणि १८८५ मध्ये कृती छापली. १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद; ३० लिटर पाण्यात १५ किलो कळीचा चुना विरवून ते दूध त्यात घालायचं. फवारा तेव्हा नव्हता. मजूर एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात छोटा झाडू घेऊन पानांवर शिंपडत जायचा. आपण आज एक टक्का वापरतो, म्हणजे १०० लिटरला १ किलो. त्यांचं पहिलं मिश्रण किती जाड होतं ते यावरून कळेल.

इथं माझ्या विषयाच्या एका माणसाची आठवण काढल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मियार्देंच्या पाऊणशे वर्षं आधी, १८०७ मध्ये, मोंतोबाँ गावात बेनेदिक्त प्रेव्हो नावाच्या गृहस्थांनी गव्हाच्या काणी रोगावर एक पुस्तिका छापली होती. रोगाचे बीजाणू पाण्यात रुजतात, पण तेच पाणी तांब्याच्या भांड्यातून आलेलं असेल तर रुजत नाहीत, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं होतं. बुरशी हा रोगाचा परिणाम नसून कारण आहे, हेही त्यांनी तेव्हाच म्हटलं. विद्वानांनी फारसं मनावर घेतलं नाही. पुढं १८१० मध्ये ते मोंतोबाँला प्राध्यापक झाले, विषय तत्त्वज्ञान. आमच्या विषयाच्या लोकांचं कोणी ऐकत नाही ही तक्रार जुनी आहे, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना गमतीनं सांगत असे.

पण तांबं जिवाला बाधतं हे प्रेव्होंच्या आधी आपल्या आज्यांनाही ठाऊक होतंच. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. हा ‘कळकणे’ शब्द दुसऱ्या भाषेत एका शब्दात सांगून दाखवा. आंबट पदार्थ तांब्याला मोकळं करतो, मोकळं तांबं पोटात गेलं की मळमळतं, म्हणून कल्हईवाला वर्षातून एकदा दारात. मुद्दा असा की तांबं कुठं बांधलेलं आहे आणि कुठं मोकळं आहे यावर सगळं अवलंबून आहे. विळ्याची परीक्षा तीच, कल्हई तीच, आणि मातीची गोष्टही शेवटी तीच.

बोर्दो मिश्रण काम कसं करतं? ते पानाच्या आत जात नाही. वर पातळ थर धरून बसतं. दव पडलं, पाऊस पडला की त्यातून थोडं थोडं तांबं सुटतं आणि नुकता पानावर उतरलेला बुरशीचा बीजाणू ते शोषून मरतो. म्हणजे रोग येण्याआधी फवारलं पाहिजे, नवी फूट आली की पुन्हा, आणि जोराचा पाऊस झाला की थर धुतला म्हणून पुन्हा. धुतलेला थर जमिनीवर जातो. औषधाच्या गुणातच त्याचं साठणं आहे. पाऊस जास्त तिथं केवडा जास्त, केवडा जास्त तिथं फवारण्या जास्त, आणि धुऊन खाली जाणारं तांबंही जास्त.

मियार्देंच्या कृतीनंतर सगळं फार झपाट्यानं झालं. व्हिलफ्राँशच्या व्हेर्मोरेलनं पाठीवर अडकवायचा पंप काढला, झाडू गेला. द्राक्षांवरून मिश्रण बटाट्यावर गेलं, सफरचंदावर गेलं, आपल्याकडे कोकणात-गोव्यात सुपारीच्या कोळेरोगावर आलं. पहिल्या महायुद्धात तर जर्मनीत तांबं तोफगोळ्यांकडे वळवल्यामुळे १९१६ च्या पावसाळी हंगामात बटाट्यावरचा करपा आवरता आला नाही आणि त्या हिवाळ्यात लोकांना सलगम खाऊन राहावं लागलं. बटाटा हातचा जाण्यामागं हे एकच कारण नव्हतं, पण हे एक होतं. या औषधानं माणसं जगवली, हे मी अजिबात विसरलेलो नाही. त्याला खलनायक करायला मी इथं आलेलो नाही.

आता हिशेब करू. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

मोरचुदाच्या वजनात साधारण चौथा हिस्सा तांबं असतं. एक टक्का मिश्रणाच्या १०० लिटरमध्ये २५० ग्रॅम तांबं. हेक्टरी १००० लिटर फवारलं तर अडीच किलो. वर्षाला अशा चार फवारण्या धरा: १० किलो. एका हेक्टरवरची वरची वीतभर, म्हणजे १५ सेंटिमीटर माती, साधारण २० लाख किलो भरते. १० किलो तांबं २० लाख किलो मातीत पसरलं तर दर किलो मातीमागं ५ मिलिग्रॅम वाढले. पाचच! हसू येईल असा आकडा. पुढच्या वर्षी आणखी पाच. पुतण्याची पस्तीस वर्षं धरली तर १७५. हा कागदावरचा हिशेब आहे. कोणी वर्षाला दोनदाच मारतं, कोणी बोर्दोऐवजी कॉपर ऑक्सिक्लोराईड मारतं, काही भाग ओढ्याला वाहून जातो. पण दिशा कळते. आणि पिकाबरोबर किती बाहेर जातं? द्राक्षाच्या घडांतून जाणारं तांबं हेक्टरी किलोंत नाही, ग्रॅमांत मोजायचं. जमा किलोंत आणि खर्च ग्रॅमांत. अशा खात्यात शिल्लक वाढतच जाणार.

वैशेषिक दर्शनात परमाणूला नित्य म्हटलंय, तो उपजत नाही की नासत नाही. वर्गात हे शिकवताना मुलं जांभया देत. तांब्याच्या बाबतीत मात्र हे वाक्य शब्दशः घ्यायला हरकत नाही. दुसरं एखादं सेंद्रिय कीटकनाशक ऊन, पाणी, जिवाणू मिळून तोडतात, काही आठवड्यांत नाही तर काही वर्षांत. तांबं मूलद्रव्य आहे. त्याला तोडून दुसरं काही करता येत नाही. ते फक्त जागा बदलतं किंवा कोणाला तरी चिकटतं. मातीत ते सेंद्रिय कणांना आणि चिकणमातीला घट्ट धरून बसतं, म्हणून ते खाली झिरपत नाही, वरच्या वीतभरातच राहतं. पुतण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इतकंच होतं: ते कुठं गेलेलंच नाही.

ग्रीकांकडे युबुलिडीस नावाच्या तर्कपंडिताचं एक कोडं आहे. धान्याचा एक दाणा म्हणजे ढीग नव्हे. त्यात एक दाणा टाकला तरी ढीग नव्हे. मग कितव्या दाण्याला ढीग झाला? मी तीस वर्षं हे कोडं भाषेचं म्हणून शिकवलं, शब्दांच्या कडा धूसर असतात एवढंच त्याचं तात्पर्य म्हणून. ते कोडं कारभाराचंही आहे हे मला निवृत्तीनंतर कळलं. कुठल्याही एका फवारणीनं माती बिघडली नाही. प्रत्येक फवारणीच्या दिवशी फवारणी करणंच शहाणपणाचं होतं, कारण केवडा समोर होता. असा निर्णय शंभर वर्षं दरवेळी बरोबर घेतला गेला.

त्याचं फळ युरोपात मोजून झालेलं आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत युरोपीय संघातल्या २५ देशांतले जवळजवळ २१,७०० मातीचे नमुने तपासले. सगळ्या जमिनींची सरासरी किलोला सुमारे १७ मिलिग्रॅम तांबं. द्राक्षमळ्यांची सुमारे ४९. ही सरासरी आहे. फ्रान्सच्या जुन्या मळ्यांत शे-दोनशेच्या वरचे आकडे नवलाचे नाहीत. दक्षिण ब्राझीलमध्ये रिओ ग्रांदे दो सुल प्रांतात, जिथं इटालियन वंशाच्या शेतकऱ्यांनी दमट हवेत द्राक्षं लावली आणि भरपूर बोर्दो मारलं, तिथं एका अभ्यासात काही मळ्यांत ३,२०० पर्यंत आकडा गेला. तुलनेसाठी सांगतो: शहरी सांडपाण्याचा गाळ शेतात टाकायचा असेल तर १९८६ च्या युरोपीय नियमानं मातीतल्या तांब्याची वरची मर्यादा ५० ते १४० आहे. म्हणजे अनेक नामांकित मळ्यांची माती अशी आहे की तिच्यावर गटाराचा गाळ टाकायलाही कायद्यानं मनाई होईल. आणि त्याच मातीचं नाव बाटलीवर छापून विकलं जातं.

वेल मात्र तक्रार करत नाही, ही यातली फसवी गोष्ट आहे. जुन्या वेलीची मुळं खोल असतात, तांबं वरच्या वीतभरात. त्रास होतो तो वर राहणाऱ्यांना. गांडुळं अशा जमिनीतून काढता पाय घेतात, मातीतले सूक्ष्मजीव मंदावतात, पालापाचोळा लवकर कुजत नाही. जुनी बाग काढून नवी रोपं लावली की त्यांची कोवळी मुळं नेमकी त्या थरात सापडतात. आणि बाग मोडून दुसरं पीक घेतलं तर? दक्षिण फ्रान्सच्या लांगदोक भागात हे झालं. मोडलेल्या मळ्यांच्या जागी गहू पेरला तेव्हा काही शेतांत तो पिवळा पडला, मुळं आखूड राहिली, लोह असूनही झाडाला घेता येईना. २००७ च्या सुमारास त्याचा अभ्यास छापून आला. पुतण्यानं काय लावावं हा प्रश्न माझ्यासाठी या पानावर येऊन थांबला.

पिणाऱ्याचं काय, असं कोणीतरी विचारेलच. त्याचं फारसं बिघडत नाही. रस आंबताना यीस्ट बरंचसं तांबं गाळाबरोबर तळाला नेतं आणि वाइनमध्ये लिटरला १ मिलिग्रॅमची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. ती सहसा पाळली जाते. झळ लागली ती फवारणाऱ्याला. १९६९ मध्ये पोर्तुगालच्या दोन डॉक्टरांनी, पिमेंतेल आणि मार्केश यांनी, वर्षानुवर्षं पाठीवरच्या पंपानं बोर्दो मारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत तांब्यानं भरलेल्या गाठी दाखवल्या. त्या रोगाला त्यांनी द्राक्षमळ्यात फवारणाऱ्याचं फुप्फुस असंच नाव दिलं. मिश्रण काढून ऐंशी वर्षं झाली होती. बाटलीतल्या तांब्याची काळजी वाइनच्या व्यापाऱ्याला होती. मजुराच्या छातीतल्या तांब्याची काळजी करायला कोणी नेमलेलं नव्हतं.

याहून वाईट प्रकरण शिशाचं आणि सोमलाचं आहे. सोमल म्हणजे आर्सेनिक. शास्त्रीय अर्थानं तो पूर्ण धातू नाही, पण जड धातूंच्या यादीत त्याला बसवतात आणि शेतीपुरतं ते बरोबरच आहे. १८९२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये एका अळीवर लेड आर्सेनेट काढलं, आणि ते लवकरच फळबागांत आणि द्राक्षांत आलं. जर्मनीत मोझेल आणि कायझरश्टूल भागातल्या द्राक्षकऱ्यांनी १९२० नंतर घडातल्या अळीवर आर्सेनिकयुक्त औषधं मारली. हवेतून, हातांवरून ते अंगात जात होतंच. शिवाय तिथं घरच्यांसाठी एक पेय करायची पद्धत होती. रस काढून उरलेल्या चोथ्यावर पाणी घालून पुन्हा दाबायचं, ते पातळ पेय मळ्यातल्या माणसांनी दिवसाला लिटर-दोन लिटर प्यायचं. चांगली वाइन बाजारात, चोथ्याचं पाणी घरात. सालीवरचा आर्सेनिक चोथ्यात उतरत होता. तळहात-तळपायांवर कातडी जाड होणं, यकृत सुकणं, आणि पुढं यकृताचे-फुप्फुसाचे कर्करोग. १९४२ मध्ये बंदी आली, पण रोग त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी, पन्नाशीच्या दशकातही उमलत राहिले. फ्रान्समध्ये खोडाच्या रोगावर सोडियम आर्सेनाइट हिवाळ्यात मारत, ते थांबलं २००१ मध्ये. सनाकडे लक्ष द्या. जर्मनीचं उदाहरण शेजारी असताना मध्ये एकोणसाठ वर्षं गेली.

जस्त आणि मँगेनीज मँकोझेबातून येतात, कॅडमियम काही फॉस्फेट खतांतून. त्यांचा इतिहास इतका नाट्यमय नाही म्हणून पुढं जातो. हिशेबाची रीत तीच.

युरोपनं कायदा केला तो उशिरा आणि भांडत भांडत. भांडण कोणाशी, हे ऐकण्यासारखं आहे. कारखान्यांची कृत्रिम बुरशीनाशकं वापरणाऱ्याला तांब्याची तितकी गरज नव्हती. गरज होती सेंद्रिय शेती करणाऱ्याला. सेंद्रिय नियमांत कृत्रिम औषध चालत नाही, पण बोर्दो मिश्रण ‘जुनं’ आणि ‘खनिज’ म्हणून चालतं. म्हणजे मातीची सगळ्यात जास्त चाड असलेला शेतकरी मातीत न नासणारा धातू ओतण्याचा हक्क मागत होता. त्याला ढोंगी म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. केवड्याच्या वर्षी त्याच्या हातात दुसरं होतं काय? सेंद्रिय मळ्यांची मर्यादा आधी वर्षाला हेक्टरी ८ किलो तांबं होती, २००६ पासून ६ झाली, आणि २०१९ पासून सगळ्यांनाच सात वर्षांत मिळून २८ किलो, म्हणजे सरासरी ४. सात वर्षांची बेरीज ठेवली ती पावसाच्या वर्षी जास्त आणि कोरड्या वर्षी कमी मारता यावं म्हणून. जर्मनीनं ३ किलोवर आणलं. नेदरलँड्स आणि डेन्मार्कमध्ये औषध म्हणून तांब्याला परवानगीच नाही. अर्थात त्यांना द्राक्षांची फिकीर कितीशी असणार.

मघाचा हिशेब इथं लावा. ४ किलो म्हणजे किलो मातीमागं दरसाल २ मिलिग्रॅम. मर्यादा घातली म्हणजे साठणं थांबलं असं नव्हे, सावकाश झालं.

खरा पर्याय कुठला होता? गंमत म्हणजे तोही मियार्देंनीच हाताळला होता. द ग्रासे यांच्याबरोबर त्यांनी अमेरिकन आणि युरोपीय वेलींचे संकर केले. त्यांचे ४१ ब आणि १०१-१४ हे खुंट आजही लावले जातात. रोगाला मुळातच दाद न देणारी वेल तयार करणं हा दुसरा रस्ता होता, पण तो वीस-तीस वर्षांचा, आणि झाडू-बादलीचा रस्ता त्याच हंगामात गुण देणारा. फ्रान्सनं २०१८ मध्ये केवडा आणि भुरीला प्रतिकार करणाऱ्या चार नव्या जातींना मान्यता दिली: आर्ताबाँ, फ्लोरेआल, व्हिदोक, व्होल्तिस. ज्या रस्त्यावरून १८८५ मध्ये गाडी वळली त्याच नाक्यावर ती आता परत येतेय.

आपल्याकडचं थोडक्यात. आपल्या द्राक्षजमिनी बहुतेक काळ्या, चुनखडीच्या, विम्लधर्मी. अशा मातीत तांबं घट्ट बांधलं जातं, हे आपलं नशीब. ब्राझीलच्या आम्ल मातीशी आपली तुलना करून कोणी घाबरवलं तर घाबरू नका. पण आपल्या मातीत सेंद्रिय कर्ब कमी, आणि ठिबकच्या नळ्या साफ करायला आपण आम्ल सोडतो, फॉस्फोरिक आम्ल खत म्हणून देतो. ठिबकच्या तोटीखालची ओली वाटी एवढीशी असते, पण मुळं तिथंच गोळा झालेली असतात. आंबट ताक आणि कल्हई गेलेलं भांडं आठवा.

२०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपनं क्लोरमेक्वाटच्या अंशावरून अडवली तेव्हा सांगली-नाशिकला हाहाकार झाला होता. त्यानंतर अंश तपासणीची शिस्त कडक झाली, आणि ते चांगलंच झालं. पण ती तपासणी मण्यांची. घेणाऱ्याला मणी खायचाय, माती खायची नाही. मातीसाठी आपल्याकडे २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका आहे. तिच्यात बारा गोष्टी मोजतात, त्यांत तांबंही आहे. पुतण्यानं पत्रिकेचा फोटो पाठवला. तांब्यासमोर लिहिलं होतं ‘पुरेसे’. मी त्या शब्दाकडे बराच वेळ पाहत बसलो. पत्रिका तांब्याकडे सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून पाहते. झाडाला सहज मिळण्याजोगं तांबं किलोला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता, वर असेल तर पुरेसं. ‘फार झालं’ असा रकानाच नाही. ज्यांनी ती केली त्यांची चूक म्हणवत नाही. कमतरता शोधायला केलेली पट्टी कमतरताच शोधणार. आणि मोजतात ते मोकळं तांबं. बांधलेलं किती पडून आहे ते त्यात येत नाही.

म्हणून मी त्याला चार नमुने काढायला सांगितले. वेलीच्या ओळीतली वरची वीत, तिथलीच हातभर खालची माती, दोन ओळींच्या मधली, आणि बांधापलीकडच्या पडीक तुकड्यातली, जिथं आजवर कधी बाग नव्हती. चौथा नमुना नसेल तर बाकीचे तीन कशाशी ताडून पाहणार? एकूण तांबं आणि मिळणारं तांबं, दोन्ही मोजून हवं, सामू आणि कर्बासह. प्रयोगशाळेतल्या माणसानं त्याला विचारलं म्हणे, ‘कमी पडलंय का तांबं?’ तो म्हणाला, ‘नाही, जास्त झालंय का ते बघायचंय.’ त्या माणसानं अर्ज परत वाचला आणि वर मोकळ्या जागेत हातानं लिहून घेतलं.

तोवर मेथी-पालक लावू नकोस, शेणखत भरपूर घाल, आणि ठिबकमधून आम्ल सोडणं थांबव, एवढं मी सांगितलंय. निकाल अजून यायचाय. आता तुमचे प्रश्न घेऊ.